लाल दोऱ्याचं पान

माय गेल्यानंतर दीड महिन्यानं आषाढी पौर्णिमा आली. त्या दिवसापासून तीन महिने आमच्या गावच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. गेली सहा वर्षं ते माय करत होती. शेजारच्या काकूंचा मला वाशिमला फोन आला. निदान शनिवारी येऊन वाच, नाहीतर यंदा वाचन बंद पडेल, असं त्या म्हणाल्या.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचणं मला अवघड नव्हतं, मायच्या जागेवर बसणं अवघड होतं. तरी बसनं आसेगावला उतरले आणि तिथून ऑटोनं गावात गेले.

माय शाळेत गेली नव्हती. बारावीच्या सुट्टीत मी तिला शिकवायला बसले होते. चार दिवसांत कंटाळले आणि म्हणाले, "तुह्यानं नाही होत, माय." तिनं पाटी पुसली आणि चुलीमागं ठेवून दिली. पुढं कितीतरी वर्षांनी ती विहारात वाचते असं कळलं, तेव्हा मला वाटलं, शिकवलं असेल कोणीतरी. मी तिला चांगला चष्मा करून दिला. कोणी शिकवलं, हे मात्र विचारलं नाही. विचारायची लाज वाटली असावी.

शेतातल्या निंदणाहून आलेल्या बारा-तेरा बायका हातपाय धुऊन बसल्या. वंदना झाली. ग्रंथात जागोजागी लुगड्याचे दोरे घातलेले होते, लाल, हिरवे, पिवळे. मी लाल दोऱ्याचं पान उघडून वाचायला लागले. ते दानाबद्दल होतं. अर्धं पान झालं असेल, तोच दाराजवळच्या म्हाताऱ्या मावशींनी मला थांबवलं.

"लाल दोऱ्यात तं बोअरवरची बाई हाय. पान्याचा आपला नंबर बाळंतीनीले देनारी."

मी पान वर-खाली पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. असं काही इथं छापलेलं नाही, म्हणाले. मग काकूंनीच सांगितलं. मायला वाचता येत नव्हतं. आधी वाचणारे गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले, आठ दिवस वाचन बंद राहिलं, आणि नवव्या दिवशी मायनं ग्रंथ मांडीवर घेतला. वर्षानुवर्षं ऐकलेलं ती तोंडपाठ सांगायची. जिथं आठवायचं नाही, तिथं गावातलंच काही सांगायची. कुठं काय सांगायचं, त्याच्या खुणा म्हणजे ते दोरे.

मी ग्रंथावरून हात काढला आणि विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"साऱ्याइलेच मालूम होतं," काकू म्हणाल्या. "सांगता सांगता गुंतली की आमीच म्हनो, बाई, आता पान उलट."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तिनंच म्हटलं, पोरीले सांगू नका. एवढा चष्मा करून देल्ला, तिले वाईट वाटन."

मी माझा चष्मा काढून पुसत राहिले. तो पुसण्यासारखा झाला नव्हता. जिला मी 'तुह्यानं नाही होत' म्हणाले, तिनं सहा पावसाळे या बायकांना संध्याकाळ दिली होती, आणि मी दिलेला चष्मा घालून मलाही सांभाळलं होतं. ग्रंथ मिटावा आणि शेवटची बस गाठावी, असं वाटलं.

"यंदा बंद कराचं काय मंग?" कोणीतरी विचारलं.

"बंद कायले?" मावशी म्हणाल्या. "पोरगी छापलेलं वाचन, तिच्या मायचं आपुन सांगू."

तसंच झालं. एक पान मी वाचलं, मग बायकांनी बोअरवरच्या बाईची गोष्ट सांगितली. दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितली आणि त्यावरून वाद घातला. समासात कोणी पेन्सिल चालवली तरी रागावणारी मी गप्प ऐकत होते.

उठताना मावशींनी मला थांबवलं. "मले शिकवशीन का? चष्मा नाही मांगत."

येत्या शनिवारी, असं मी म्हणाले.

"आज शिकवाले काय झालं?"

विहारात सूचनांचा फळा आहे. त्याचा कोपरा पुसून मी 'म' काढला. त्याखाली मावशींनी काढला. उभी रेघ वाकडी आली. मी पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. शनवारी पाहू, किती सुधरते तं."