कोथरूडमधला जर्मन बुधवार

गिझेलाताई परचुरे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती केकच्या निमित्ताने, आणि त्या भेटीत मी उपाशी राहिले.

मी तेव्हा महाविद्यालयात जर्मन शिकत होते. आमची पोपटपंची ऐकून आमचे सर एके दिवशी वैतागले. "पुस्तकातलं जर्मन पुरे झालं. जरा जिवंत जर्मन माणसाशी बोलून या," असे म्हणून त्यांनी आम्हां मुलींना कोथरूडचा एक पत्ता दिला. परचुरेकाका हडपसरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी प्रशिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि गिझेलाताईंशी लग्न करून परत आले. दर बुधवारी दुपारी चार वाजता ताई विद्यार्थ्यांना घरी बोलावत आणि त्यांच्याशी फक्त जर्मनमध्ये गप्पा मारत. या कामाचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही आणि त्याबद्दल कुणी आभार मानलेलेही त्यांना फारसे खपले नाही.

त्या दिवशी ताईंनी सफरचंदाचा केक पुढे केला. आम्ही रीतीप्रमाणे "नको" म्हटले. आता त्यांनी "असं कसं?" म्हणायचे, आम्ही पुन्हा "नको" म्हणायचे आणि तिसऱ्या वेळी "बरं, अगदी थोडा" म्हणून दोन-दोन तुकडे घ्यायचे, हे आम्ही गृहीत धरले होते. ताईंनी मान डोलावली आणि केक आत नेऊन ठेवला. त्यानंतर काय गप्पा झाल्या ते मला आठवत नाही. माझे सगळे लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होते.

निघताना दारात त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मुलींनो, आग्रहाची वाट बघत होतात ना? मला येतो आग्रह. सासूबाईंनी चांगला शिकवलाय. पण एकदा या दारातून आत आलात की तुम्ही जर्मनीत. तिथे नको म्हणजे नको. भूक असेल तर सरळ हो म्हणायचं." दाराबाहेर मराठी आणि दाराआड जर्मनी, हा त्यांचा नियम तेव्हापासून आजतागायत चालू आहे. पुढे मी शिकवू लागल्यावर माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत पहिल्याच घरी सरळ हो म्हणून पोटभर जेवली आणि तिने फोनवर मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

ताईंची शिकवण्याची तऱ्हा कुठल्याही अभ्यासक्रमात बसणारी नाही. त्या विद्यार्थ्यांना खुर्चीवर नीट बसू देत नाहीत. मंडईतून आणलेले बटाटे समोर ओततात, सोलायला लावतात आणि मग विचारतात, काल काय केलंत? हात गुंतले की माणूस व्याकरणाला घाबरायचे विसरतो, असे त्यांचे मत आहे. बोलणे चालू असताना त्या चूक कधीही दाखवत नाहीत. तुमचे वाक्य संपले की तेच वाक्य, बरोबर करून, आपलेच असल्यासारखे सहज म्हणतात. मी आज त्याच विषयाची प्राध्यापिका आहे, पण एवढा संयम मला अजून साधलेला नाही. आणि संयम आहे म्हणून त्या मवाळ आहेत असे कुणी समजू नये. चाराला बोलावलेले असताना सव्वाचारला पोचलेल्या एका मुलाला त्यांनी दारातच विचारले होते, "पुढच्या बुधवारसाठी लवकर आलात वाटतं?" पेठेत जन्मलेल्यांनी शिकावे असे ते बोलणे होते.

मला एका वर्षासाठी जर्मनीला जायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. आम्ही हडपसरचे शेतकरी. ताईंनी आठवडाभर आधी निरोप धाडला आणि रविवारी अकराच्या ठोक्याला त्या काकांबरोबर आमच्या दारात उभ्या राहिल्या. पाहुणे सांगितलेल्या वेळेवर येतात हा अनुभव आमच्या घराला नवा होता. वडील अजून शेतातच होते. आईने पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या भाकरीला ताई "नको" म्हणाल्या. आईने पुन्हा विचारले, त्या पुन्हा "नको" म्हणाल्या. तिसऱ्यांदा आईने "घ्या की, येवढीशी तर हाय" म्हणून भाकरी ताटात टाकली, तेव्हा त्यांनी ती चवीने खाल्ली. आई तिथेच विरघळली.

तेवढ्यात वडील शेतातून आले, पंगतीला बसले आणि खाली मान घालून जेवले. शेवटी त्यांनी विचारले, "बाई, तुमी येवढ्या लांब आलात, तवा तुमचे वडील काय म्हनले?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "ते मला पोचवायला स्टेशनवर आलेच नाहीत. ते यायला हवे होते, असं मला अजून वाटतं."

मी निघाले त्या दिवशी वडील विमानतळावर आले होते. माझे सगळे आयुष्य त्या एका जेवणाने बदलले, आणि हे ऋण फिटणारे नाही.

काही वर्षांपूर्वी काका गेले. ते घरात ताईंशी जर्मनच बोलत, उच्चार मात्र अस्सल पुणेरी. पाठोपाठ जर्मनीतले ताईंचे भाऊही गेले. बुधवार तेवढा चालू राहिला. गेल्या वर्षी लुकास नावाचा एक जर्मन विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात आला. मी त्याला हौसेने बुधवारी घेऊन गेले. निघताना तो ताईंना म्हणाला, "किती छान बोलता आपण! अगदी माझ्या आजीसारखं. आता आमच्याकडे असं कुणीच बोलत नाही." त्याच्या मनात निव्वळ कौतुक होते. ताईही हसल्या.

पण पुढच्या मंगळवारी त्यांनी मला बोलावून घेतले आणि दाराबाहेर येऊनच सांगितले, "मुलांना तिथे जाऊन आजच्या माणसांशी बोलायचंय. मी त्यांना शिळं वाढतेय. आता लुकासला सांग. मला बुधवार नको."

मला गलबलून आले. आठवड्यातला तो एकच दिवस त्यांच्या तोंडून त्यांची मातृभाषा निघत होती. बुधवार बंद झाला असता, तर एवढ्या मोठ्या पुण्यात ती ऐकायला त्यांच्यापाशी कुणीच उरले नसते. पण ताईंचे नको म्हणजे नको. मी जिना उतरले. स्कूटर काढताना माझ्या लक्षात आले, की ताई हे दाराबाहेर, मराठीत म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी, सगळे विद्यार्थी आणि लुकास बटाट्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात हजर झालो.

"काल मी नको म्हटलं होतं ना?"

"हो ताई, पण मराठीत म्हणालात."

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले. मग म्हणाल्या, "नको गं."

"असं कसं? मुलं एवढ्या लांबून आलीत."

"अगं, खरंच नको. माझं बोलणं जुनं झालंय."

काय चालले आहे ते लुकासला बोलण्यावरून नव्हे, चेहऱ्यांवरून समजले असावे. तो जर्मनमध्ये म्हणाला, "माझी आजी आता नाही. मला आपलं बोलणं ऐकायचंय. बटाटे मी सोलतो."

मी तिसऱ्यांदा विचारले. ताईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "बरं. अगदी थोडा वेळ."

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत उठलो नाही. आता लुकास आजचे बोलणे सांगतो, ताई त्यांच्या काळचे सांगतात, आणि मुलांना एका बैठकीत आजी आणि नातू दोघांचेही जर्मन मिळते. लुकासला अजून बटाटे सोलता येत नाहीत, पण ताई त्यालाही मध्येच टोकत नाहीत.

ताई, आपण पंचाहत्तर वर्षांच्या झालात. आपली प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आपले बुधवार असेच गजबजलेले असोत, आणि उशिरा येणाऱ्यांना दारात असाच प्रसाद मिळत राहो. हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हाही आपण "नको" म्हणालात. मराठीत म्हणालात, म्हणून आम्ही तो काढला. शंभरीलाही आपण नको म्हणाल. आम्ही तेव्हाही तीनदा विचारू.