कलमवाला कॅप्टन

भांडायला बसताना चष्मा, पाण्याचा तांब्या आणि कोरा कागद घेऊन बसणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो माझा आतेभाऊ. मी त्याला दादा म्हणते. तो मला बाई म्हणतो, कारण मी सोलापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्याच्या मते घरात एक तरी माणूस अधिकाराने चुका काढणारा असावा. गिरणी कामगाराचा हा मुलगा हवाई दलाच्या परीक्षेला बसला, पास झाला, लढाऊ नाही पण मालवाहू विमानं उडवली, आणि पुढे एका खासगी विमान कंपनीत कॅप्टन झाला. राहायला हैदराबादला, पण सलग दोन दिवस सुट्टी मिळाली की रेल्वेने सोलापूर गाठायचा. आकाशात त्याने काय काय केलं ते मला ठाऊक नाही. जमिनीवर त्याने एकच काम केलं, ते म्हणजे करार.

दादाला तोंडी बोलणं पटत नाही. स्टेशनवर उतरला की रिक्षावाल्याशी तो आधी रस्ता ठरवणार, मग पर्यायी रस्ता, मग वाटेत दुसरा प्रवासी घेतल्यास काय, मग टायर पंक्चर झाल्यास जबाबदारी कुणाची. एकदा एक म्हातारा रिक्षावाला हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "साब, पैले बैठो तो सही. झगडा चलते-चलते करेंगे." दादाला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे कंपनीबरोबरच्या पहिल्याच बैठकीत त्याने ते इंग्रजीत सुनावलं. वहिनींची तक्रार वेगळीच. "मी लग्नाआधी वैमानिक पाहिला होता," त्या म्हणतात, "वकील कधी बदलून आला कळलंच नाही."

घराबाहेर पडताना त्याची एक पद्धत होती. विमान सुटण्याआधी दोन वैमानिक एकेक गोष्ट मोठ्याने विचारून तपासतात, तशी तो दारात उभा राहून आत्याकडून तपासणी करून घ्यायचा. आत्या म्हणजे त्याची आई, ऐंशीच्या घरातली, कानाने तिखट आणि तोंडाने त्याहून.

"गॅस?"

"बंद हाय."

"मागचं दार?"

"लावलंय की."

"गोळ्या?"

"पिशवीत हायत्या."

"चष्मा?"

"तुज्या नाकावर हाय, मुडद्या!"

इतकं झाल्यावर मग आम्ही कोपऱ्यावरच्या देवळात जायचो.

हजारो माणसांना ढगांतून सुखरूप नेणारा हा गृहस्थ सोलापूरच्या रस्त्यावर मात्र स्कूटर चालवायला घाबरतो. माझ्या मागे बसतो. बसतो म्हणजे नुसता बसत नाही, मागून विमान चालवतो. एकदा भर बाजारातून जाताना तो ओरडला, "बाई, दोन वाजता म्हैस!" मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते. दुपारी दोनला येणाऱ्या म्हशीची आत्तापासून काळजी कशाला, असं म्हणेपर्यंत म्हैस उजव्या बाजूने येऊन आरशाला घासून गेली. समोर बारा, उजवीकडे तीन, अशी वैमानिक दिशा सांगतात, हे मला त्या दिवशी कळलं. आरसा मात्र गेला.

पण त्याचं खरं प्रेम व्याकरणावर. कंपनीचं कुठलंही पत्र आलं की तो ते मराठीत करून माझ्यापुढे धरायचा. "बाई, 'काही मार्ग बाहेरच्या एजन्सीकडे सोपवण्यात येतील.' यात कर्ता कोण?"

"कर्ता नाही. कर्मणी प्रयोग आहे."

"म्हणजे सोपवणार कोण?"

"ते वाक्यात नाही."

"मग सही कुणाला विचारून करायची?" असं म्हणून तो समासात लाल पेनने लिहायचा, 'कर्ता हजर नाही.' एरवी मी पोरांच्या वह्यांत लाल पेन चालवायची, तेव्हा कुणाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

ते पत्र मात्र गमतीचं नव्हतं. कंपनीने काही मार्ग बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरवलं होतं. विमानं एजन्सीची, वैमानिकही एजन्सीचे, एकेका वर्षाच्या कंत्राटावर. मग कंपनीतल्या नव्या को-पायलटांची गरज उरणार नव्हती. जुन्या कॅप्टनांपुढे मात्र त्याच वेळी नवा, घसघशीत करार ठेवलेला. वैमानिकांत उभी फूट पडली. मुंबईच्या कॅप्टनांचं म्हणणं, सही करून मोकळं व्हावं. आपल्या वतीने बोलायला आपली जुनी संघटना पुरेशी आहे. हैदराबादवाले म्हणत, त्या संघटनेत पोरांना मतच नाही, तेव्हा सगळ्यांची मिळून एकच युनियन हवी. फोनवर भांडून झालं. समोरासमोर बसायला मुंबईवाले हैदराबादला जाईनात, हैदराबादवाले मुंबईला जाईनात. मग दादाने नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि जाहीर केलं, "मधोमध सोलापूर येतं. बैठक आमच्या घरी."

तेव्हा सोलापूरला विमान येत नव्हतं. त्यामुळे बारा वैमानिक, सहा इकडचे सहा तिकडचे, सकाळी रेल्वेने उतरले, आणि बाराच्या बारा जणांनी गाडी उशिरा आल्याबद्दल तक्रार केली. आत्याचं घर विणकरांच्या वस्तीत. बसायची खोली एक, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा यंत्रमागाचा कारखाना. टॉवेल विणणारे ते माग दिवसभर खडखड खडखड चालतात. आम्हाला सवय, त्या आवाजात आम्ही झोपतो. पाहुण्यांना मात्र एकमेकांचं ऐकू येईना. सतरंजीवर मांडी घालून, इस्त्रीच्या शर्टांत, ही शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडू लागली. वाद इंग्रजीत सुरू व्हायचा, तापला की हिंदीत उतरायचा. दादा मध्ये बसून कलमं लिहीत होता. कलम एक, प्रत्येकाने आपली पाळी आल्यावरच ओरडावं.

मुंबईकडच्यांचे पुढारी म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक कॅप्टन. हैदराबादकडच्यांत सर्वांत लहान होती आमच्याकडचीच, पंढरपूरजवळच्या करकंबची एक मुलगी, को-पायलट म्हणून नुकतीच लागलेली. नोकरी जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिला बोलायला कुणी सवडच देत नव्हतं. आत्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होतो. आत्याला इंग्रजी येत नाही, पण ती चेहरे वाचते. म्हणाली, "त्यो मिशीवाला मानूस वाईट न्हाय. पर भ्यालाय."

दुपारी एकच्या सुमाराला मिशीवाले कॅप्टन मागांच्या वरताण आवाज काढून ओरडत होते, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या अचानक शांततेत त्यांचं वाक्य अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं.

"ज्युनिअर जाते हैं तो जाने दो, अपना क्या जाता है!"

पंखाही थांबला होता. करकंबच्या मुलीने मान खाली घातली. कॅप्टनांनी मागे वळून पाहिलं. हे वाक्य आपलंच आहे यावर त्यांचाही विश्वास बसला नसावा. कुठल्याही प्रसंगासाठी कलम शोधून काढणारा दादासुद्धा नुसता पेनाचं टोपण काढत-लावत बसला.

मग आत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि सतरंजीच्या कडेला बसली.

"आमचे मालक बी असंच म्हनले हुते," ती म्हणाली. मालक म्हणजे तिचे यजमान. "गिरनीत बदलीवाले असायचे. कायम नसलेली पोरं. सायबानं पयल्यांदा त्येनला काढलं. मी ह्यांना म्हनलं, काय तरी बोला की. हे म्हनले, आमी कायम हाय, आपलं काय जातंय? दोन सालांनी ह्यांच्यावर आलं. मी डबा घिऊन फाटकाशी गेले, तर हे आनि तिघं जन उबे. बस. बदलीवाल्या पोरांच्या घरी जाऊन मी सोता पाया पडले, या म्हनलं. ती म्हनली, काकू, तवा तुमी आला हुता का?"

करकंबच्या मुलीने ते हळू आवाजात हिंदीत सांगितलं, मराठी न कळणाऱ्यांसाठी. दिवसभरात ती बोलली ते एवढंच, आणि तेही दुसऱ्याचं.

आत्या उठली. "आता जेवून घ्या. भांडायला बी जोर लागतो."

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गूळ घातलेली खीर. बारा वैमानिक घाम पुसत खाली मान घालून जेवले. हुग्गी दुसऱ्यांदा घेताना मिशीवाले कॅप्टन दादाला म्हणाले, "लिहा. सगळ्यांची एक युनियन. पोरांनाही मत." आणि मग त्या मुलीकडे वळून तिला म्हणाले, "बेटा, चटणी सरकव." माफी मागायची त्यांची ती रीत असावी. तिने चटणी सरकवली.

वीज आली तेव्हा सह्या चालू होत्या. दादाला सगळ्यांनी मिळून सचिव केलं. कंपनीच्या साहेबांचं नशीब तिथेच फिरलं असं मी म्हणेन. पुढचे चार महिने दादाने त्या माणसांना कर्मणी प्रयोग करू दिला नाही. 'निर्णय घेण्यात येईल' दिसलं की तो विनयाने विचारायचा, "कोण घेणार? त्यांचं नाव घाला." एक दुपारभर म्हणे फक्त एका 'शक्यतो' या शब्दावर चर्चा झाली, आणि शेवटी तो शब्द गेला. मला रोज संध्याकाळी फोन यायचा आणि मी वरण फोडणीला टाकता टाकता कलम सात ऐकायची.

करार झाला. बाहेरचे वैमानिक फक्त एका वर्षापुरते येणार, नंतर ते मार्ग परत कंपनीकडे. आणि एकाही को-पायलटला काढायचं नाही. दादाचा फोन आला, "बाई, झाल्या सह्या." मी म्हटलं, "मग आवाज असा का?" म्हणाला, "घसा बसलाय."

खरं काय ते वहिनींनी सांगितलं. दादा कंपनीत शिकवायचा. नव्या वैमानिकांना तयार करणाऱ्या मोजक्या कॅप्टनांपैकी तो एक, आणि ते काम त्याला उडण्याहून प्रिय. कुणा विद्यार्थ्याने पहिल्यांदा विमान नीट उतरवलं की तो मला फोन करायचा, "काय टेकवलंय पोरानं, कपातला चहा हलला नाही!" कंपनीने शेवटच्या बैठकीत एकच अट घातली, की युनियनच्या सचिवाला शिकवण्याचं पद ठेवता येणार नाही. एका शब्दावर दुपार घालवणाऱ्या दादाने ही अट वाचली आणि अर्ध्या मिनिटात सही केली. बाकीच्यांना वाटलं, त्याने वाचलीच नाही.

तीन वर्षांनी तो निवृत्त झाला. त्याचं शेवटचं उड्डाण हैदराबाद ते पुणे होतं, आणि आत्याला विमानात बसवायचं त्याने ठरवलं. आत्या म्हणाली, "मला खालनं दिसतंय तेवडं बास हाय." तिला तयार करायला आठ दिवस लागले. मी सोबत गेले, तिला खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, आणि विमान हलायच्या आत ती झोपली. दादाने तीन भाषांत प्रवाशांना सांगितलं, की आज विमानात त्याची आई पहिल्यांदा बसली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई घोरत होती.

पुण्याला विमान टेकलं ते मला कळलंसुद्धा नाही. आत्याला हलवलं तर म्हणाली, "आता उडनार व्हय?"

सगळे प्रवासी उतरल्यावर आम्ही जिन्याखाली थांबलो. दादा आला, आणि त्याच्यामागे त्याची को-पायलट, करकंबची तीच मुलगी. ती आत्याच्या पाया पडली. मग दादाला म्हणाली, "सर, तुमच्या वर्गाच्या यादीत माझं नाव लागलं होतं. त्याच महिन्यात तुम्ही शिकवणं सोडलंत. तुमच्याकडे शिकायचं राहूनच गेलं."

"मग आज विमान कसं उतरवलंस?"

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. आपल्या नोकरीतलं शेवटचं उतरवणं त्याने तिच्या हाती दिलं होतं.

"दुसऱ्या सरांनी शिकवलं," ती म्हणाली.

"चांगलं शिकवलंय. फक्त टेकताना श्वास रोखून धरतेस. धरू नकोस." एवढंच. ती हसली, डोळे पुसले, आणि कागदपत्रं द्यायला निघून गेली.

ऊन चटचटत होतं. आत्याने दादाचा दंड धरला. "चल की रं, पाय भाजत्यात."

"आलो," तो म्हणाला.

तेच विमान पुढे नेणारे दोन वैमानिक आले, कोवळ्या वयाचे, बॅगा ओढत. त्यांना जिना मोकळा करून देण्यासाठी दादा बाजूला झाला. ते वर गेले, दाराआड दिसेनासे झाले. तरी तो तसाच बाजूला उभा होता.