खंड्याच्या चोचीतलं पापलेट

चहा आधी संपवा, मग सांगतो. मध्येच सांगितलं तर तो तुमच्या नाकातून बाहेर येईल, आणि सतरंजी नवी आहे. फजिती माझी स्वतःची आहे, तेव्हा मोकळेपणानं हसा. आमच्या घरात रोज हसतातच.

पनवेलला तेव्हा रेल्वे आली नव्हती. मी घाटावरचा, फलटणकडचा. इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. घराणं पिढीजात माळकरी. मासा खाणं सोडा, मासळीबाजारावरून जायचं झालं तर मी नाकाला रुमाल लावून पळायचो.

पोस्टातले रूबेनकाका सहकुटुंब इस्रायलला निघाले, तेव्हा त्यांनी मला एक जाडजूड पुस्तक दिलं. "मास्तर, बोटीवर याचं वजन कशाला? तुम्ही सांभाळा." जुन्या इंग्रजी अमदानीतलं पुस्तक, पानोपानी रंगवलेले पक्षी. मी त्यांच्या हुबेहूब नकला करू लागलो आणि काय सांगू, पनवेलात टूमच निघाली! कॅलेंडरं उतरली, भिंतीवर माझे पक्षी चढले. खाली कोपऱ्यात माझी वेलांटीदार सही.

सगळ्यात मागणी खंड्याला. पण पुस्तकातल्या खंड्याच्या चोचीपुढेच कसरीनं रुपयाएवढं भोक पाडलेलं. मी म्हटलं, खंड्या मासे खातो, मग तिथे मासाच असणार. रुमाल लावून बाजारात गेलो आणि लांबूनच जो मासा सर्वांत देखणा दिसला, तो काढला. गोल, चंदेरी, काढायला सोपा. पापलेट.

लोक चित्रापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मासा मात्र झकास." डॉक्टरांनी तर ते दवाखान्याबाहेरच्या खोलीत लावलं. आजारी माणसंसुद्धा ते बघून हसत. कला माणसाला आनंद देते, असं मी वर्गात मुलांना सांगायचो. नशीब, मुलं घरी जाऊन काही बोलत नव्हती.

अशात माझ्या लग्नाचं निघालं. मुलगी डॉक्टरांच्या शेजारच्या घरातली, नलिनी. वडील कचेरीत हेडक्लार्क. गावाहून मामा एसटीनं आले आणि आम्ही मुलगी बघायला गेलो.

खरं सांगतो, मुलगी मला बघताक्षणी आवडली. पोह्यांची बशी देताना तिनं मान खाली घातली नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधल्या.

तेवढ्यात वडील म्हणाले, "आमच्या नलूला चित्रकलेचीही आवड आहे. ते समोरचं तिनंच काढलंय."

समोर, दाराच्या वर, खंड्या!

तीच फांदी, तीच मान, तोच निळा. चोचीत मासा. कोपऱ्यात सही नव्हती. पुसली असणार. मुली दाखवताना शेजारणीचं भरतकाम आपल्या मुलीचं म्हणून पुढे करतात, हे मी ऐकून होतो. पण मास्तराचं चित्र मास्तरालाच दाखवायचं?

मी मामांच्या कानात हे सांगितलं. मामा पुटपुटले, "गप बस. पोहे चांगलेत."

मी कसला गप बसतो. सत्याचा झटका आला होता मला. "माफ करा," मी म्हटलं, "पण हे चित्र माझं आहे."

वडिलांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझी मुलगी खोटारडी?"

"तसं नाही, पण मूळ पुस्तकात मासाच नाही. तिथे भोक आहे. तो मासा माझ्या डोक्यातला. जगात दुसरं कोणी खंड्याच्या चोचीत तसा मासा काढणारच नाही."

"हे मात्र खरं बोललात," नलिनी म्हणाली.

ती शांतपणे उठली, स्टुलावर चढली, फ्रेम उतरवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "नीट बघा. डॉक्टरांकडे बसून तुमच्या चित्रावरूनच उतरवलंय. फक्त मासा बदललाय."

मी बघितलं. चोचीत करंगळीएवढी, खाडीतली बारीक मासळी. अंगावर पाण्याचा थेंबसुद्धा होता. माझ्या खंड्यापेक्षा तिचा खंड्या जिवंत होता, हे सांगताना आजही जड जातं.

"बदलला का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आमची कोळीण डॉक्टरांकडे पण जाते. तुमचं चित्र बघून म्हणाली, 'आमचा धनी होडी घेऊन खोल दर्यात जातो तवा पापलेट गावतंय. या पाखराला फांदीवर बसून गावलं? आनि येवढं मोठं गिळनार कसं, बाय? ताट-वाटी घेऊन बसनार हाय का?'"

आतल्या खोलीत बायका फुटल्या. वडीलही हसायला लागले. हेडक्लार्कला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मामांना तर हसता हसता पोह्यांचा ठसका लागला; ते माझ्या बाजूचे, हे विसरूनच गेले होते.

"तुम्ही मासे खात नाही ना?" नलिनीनं विचारलं.

"नाही."

"दिसतंय."

मी घरी आलो ते लग्न मोडलं असंच धरून. दोन दिवस जेवण गेलं नाही. चित्राचं दुःख नव्हतं हो, ती सरळ बघणारी मुलगी हातची गेली याचं होतं. तिसऱ्या दिवशी रंगाची पेटी घेऊन डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं मासा तेवढा दुरुस्त करतो. डॉक्टरांनी हात धरला. "खबरदार. पापलेट आहे म्हणूनच ते चित्र घेतलं. अर्धं दुखणं त्यानंच बरं होतं."

आणि तिथेच, खिडकीतून आमचं बोलणं ऐकून, शेजारच्या घरातून निरोप आला. मुलगा पसंत. चूक कळल्यावर दुरुस्त करायला निघालेला माणूस चालेल, असं मुलीचं म्हणणं. तुळशीची माळ खुशाल घाला, पण चित्र काढायच्या आधी वस्तू जवळून बघायची, एवढीच अट.

लग्नात डॉक्टरांनी आहेर म्हणून तेच चित्र दिलं. ते आता आमच्या बैठकीत आहे, हिच्या खंड्याच्या शेजारी. कोळीण दारात आली की ही तिला मुद्दाम आत बोलावून दाखवते.

पाहुणे मात्र मलाच विचारतात, "हे पापलेटवालं कोणी काढलं?"

मी सांगतो, "हिनं."