शबानाच्या मापाच्या चपला

शुक्रवार होता. इब्राहिमभाई जेवायला यायची वेळ झाली आणि फोन वाजला. मजुरांच्या कॅम्पातला त्यांचा खोलीसोबती बोलत होता, "भाभी... इब्राहिमभाई खलास." आदल्या दिवशी कुठल्याशा गच्चीवर एसी दुरुस्त करताना उन्हात कोसळले, ते उठलेच नाहीत. रियाधमध्ये दूध संपलं तरी आपण खलास म्हणतो. त्या दिवसापासून माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही.

आमचा एसी बिघडला तेव्हा ते पहिल्यांदा आले. मी लेकीला, मुक्ताला, मराठीत रागावत होते. ते शिडीवरूनच म्हणाले, "ताई, म्हणजे आपलीच माणसं! मी दापोलीकडचा." मग दर शुक्रवारी नमाज आटोपून जेवायला येऊ लागले. हे घरी नसले तर आत पाऊल टाकायचे नाहीत, जिन्यातच बसून राहायचे.

यांची नोकरी बँकेतली, म्हणून मुक्ता आणि मी इथे आहोत. भाईंच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, 'मजूर' लिहिलेलं. मजुराला बायकोमुलं आणता येत नाहीत. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मालकाच्या कपाटात, त्याने सही केली तरच घरी जायचं. तो दर खेपेला म्हणे, रमजाननंतर बघू.

घरी न्यायच्या वस्तूंचा त्यांचा खोका आमच्या माळ्यावर असायचा. पावडर, ब्लँकेट, अत्तर आणि लेकीसाठी, शबानासाठी, चपला. शबाना मुक्ताच्याच वयाची. भाई मुक्ताला पुठ्ठ्यावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे आणि तो पुठ्ठा घेऊन बत्ह्याच्या बाजारात जायचे. मुक्ताला गुदगुल्या व्हायच्या. "हलू नको गं, तिकडे शबाना लंगडेल!" रजा लांबली की चपला लहान व्हायच्या. त्या कॅम्पातल्या कुणाच्या तरी धाकटीसाठी द्यायचे, पुन्हा नवं माप.

माझाच जीव जळायचा. एकदा म्हटलं, "भाई, भांडा ना त्या माणसाशी!"

"भांडलो तर कायमचा घरी धाडील, ताई. मग घर कशावर चालायचं?" मग पुठ्ठा उचलत म्हणाले, "पाय वाढतोय ना पोरीचा, मग झालं तर."

त्यांना इथेच दफन केलं. घरच्यांना शेवटचं तोंडही बघता आलं नाही. याचं दुःख आहेच, पण संतापही आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

यांची रजा एका अर्जात मंजूर झाली. हे खोका घेऊन दापोलीला गेले. शबानाने तिथेच चपला घातल्या, अगदी बरोबर बसल्या. तिने यांना विचारलं, "अब्बांना माझं माप कसं कळलं?" 

पुठ्ठा अजून आमच्या दाराआड आहे, एका रेघेबाहेर दुसरी रेघ. गेल्या शुक्रवारी मुक्ताने तो काढला, त्यावर अनवाणी उभी राहिली आणि शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "मम्मी, अंकल नहीं आएँगे, तो शबाना का नाप कौन लेगा?"

मी पेन्सिल घेऊन खाली बसले. शबानाचे पाय अजून खूप वाढायचे आहेत.