बिनमाशाचा रस्सा

माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. आमच्याकडे भाजी रांधायची ती मासे मिळाले नाहीत तर, आणि तीही तोंड वाकडं करून. अशा पोरीला दिलं कुठे, तर चांद्याहून मोहर्लीकडे जाताना लागणाऱ्या जंगलातल्या एका गावात, माळकऱ्याच्या घरी. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात कांदा-लसूण चालायचा, मासळीचं नाव काढलेलं चालायचं नाही. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती म्हणे. आमच्या चुलीपर्यंत ते काही पोचलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी अंबाडीची भाजी करपवली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "काऊन वं, तुह्या मायनं तुले काईच शिकवलं नाई का?" आणि लगेच फर्मान सुटलं, "सैपाक शिकल्याबिगर माहेर नाई."

मग मी शिकले. आवडीनं नाही, घरी जायच्या ओढीनं. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, ते बारीक चिरून उकळायचे आणि कडूपणा जाईपर्यंत पाणी फेकत राहायचं. तरोट्याच्या रानभाजीचे फक्त शेंडे खुडायचे. गोळाभातातले बेसनाचे गोळे भातातलं पाणी आटत आलं की मगच वर ठेवायचे, आधी ठेवले तर पिठलं होतं. माझं पुष्कळदा झालं. सासूबाईंचं शिकवणं म्हणजे चुकलं की पुन्हा करायला लावणं. त्या दिवाळीला भाऊ मला न्यायला आला आणि तसाच परत गेला. "अजून शिकून राह्यली थे," असं त्याला सांगितलं गेलं. मी आतून ऐकत होते.

पुढच्या पावसाळ्यात एकदा झड लागली आणि घरात भाजीचं पानही नव्हतं, म्हणून पातोडी करायला घेतली. बेसन शिजवून ताटात थापलं, वड्या पाडल्या आणि रश्शाचा मसाला वाटायला बसले. डोक्यात माहेर होतं. हातांनी जवस भाजले, लसूण ठेचला, चिंचेचा कोळ काढला. कोळ पातेल्यात पडल्यावर माझ्या लक्षात आलं की हा तर आईचा माशाचा रस्सा झाला. आता टाकून देता येत नव्हता. सासूबाईंचं माहेरही माळकऱ्यांचं, त्यांनी मासा जन्मात चाखला नव्हता. "बरा झाला," एवढंच म्हणाल्या. सासऱ्यांचा पहिल्या घासालाच हात थांबला. मी दाराआडून पाहत होते. पण त्यांनी ताट बोटानं पुसून घेतलं आणि आणखी भात मागितला.

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी पातोडी. गावात बोभाटा झाला की यांची सून सुगरण आहे. लोकांच्या घरी लग्न निघालं की मसाल्याला मला बोलावणं यायचं. मला काय, मी दिवाळीची वाट बघत होते.

भाऊ पुन्हा बैलांची रेंगी जुंपून आला. मी गाठोडं बांधून ठेवलं होतं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "जाऊ द्या पोरीले." ओसरीवरून सासरे बोलले, "थे गेली त पातोडी करते कोण? पुढच्या सालले पाहू."

येत नव्हतं म्हणून एक दिवाळी गेली, आणि आता येतं म्हणून दुसरी! माझं डोकं फिरलं. सासऱ्यांशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. भाऊ विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता, सासूबाई परसात होत्या. मी सासऱ्यांना पातोडीचं ताट वाढलं आणि तिथेच उभी राहिले.

"मामाजी, हा मासोळीचा मसाला हाय. माह्या मायचा. तुमची माळ बाटून राह्यली."

वाटलं, आता ताट भिरकावतील, म्हणतील चालती हो. तेच मला हवं होतं.

ते हळू आवाजात म्हणाले, "मले मालूम हाय, बाई. पयल्याच घासाले समजलं."

ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुह्या नवऱ्याले लहानपणी देवी आल्या होत्या. तवा मासोळी सोडली अन् माळ घातली. पोरगा वाचला. आता थे कशी काढू? तुह्या हातचं खाल्लं का तेवढंच बरं वाटते. म्हणून त तुले पाठवत नाई."

ते ओरडले असते तर मी त्यांना आयुष्यभर सुखानं शिव्या दिल्या असत्या. आता तेही जमेना. त्यांनी भात कालवला आणि खाली मान घालून जेवले.

भावानं दारातून विचारलं, "निघाचं न?"

"तू निघ दादा," मी म्हटलं.

बैलांच्या घुंगरांचा आवाज गावाबाहेर जाईपर्यंत मी गाठोडं सोडत बसले होते. संध्याकाळी चूल पेटवली आणि जवस भाजायला घेतले. थोड्याच वेळात घरभर माझ्या आईच्या स्वयंपाकाचा वास सुटला, आणि ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं, "झालं का, बाई?"