अंगाचं माप

ये माय, अशी जवळ सरक. तू लातूरला, मी मुदखेडला, तरी सरक. अन् वाचता वाचता दुसरीकडं बोटं चालवू नको, एवढं झाल्यावर कर काय करायचं ते. आजी रागावली म्हणून तोंड फुगवायचं न्हाई.

काल तू फोनवर आभाळी रंगाचा जंपसूट घालून गर्रकन फिरून दाखवलंस. छान दिसत होतीस. मग सांगितलंस, खोलीतल्या मैत्रिणीचा जुना हाय, तिला घट्ट झाला. मेसमध्ये सगळ्यांसमोर ती म्हणली, "नीट जेव गं, सांडू नको. माझाय तो." सगळ्या हसल्या. तू बी हसलीस.

मी विचारलं, "मग जेवलीस का?"

"थोडंसं."

हसलीस कामून गं? तुझ्या आईला बी जे सांगितलं न्हाई, ते आज तुला लिहून राहिले.

उमरीच्या पल्याड माझं गाव. मी तिसरीत असंन. आई मालकाच्या घरी शेणघाण करायची. दीक्षा घेतल्यावर आपल्या घरातले देव गेले होते, पण गावाच्या नजरेतली जात गेली न्हवती. एकदा मालकिणीनं मागच्या दारातून फ्रॉक टाकला, आईनं पदरात झेलला. पिवळा. खाली झालर, एका बाजूला खिसा. माझ्या अंगावर कधी खिसा आला न्हवता. त्यात काय ठेवू अन् काय न्हाई असं झालं. शेवटी चिंचोके भरले.

दुसऱ्या दिवशी तो घालून आईसंगं गेले. मालकाची पोरगी माझ्याच वयाची. अंगणात खेळत होती. तिनं बघितलं.

"हा मपला फ्रॉक हाय. काढ."

मी आईकडं बघितलं. आईच्या डोक्यावर शेणाची पाटी. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. मालकीण दारात आली. मला वाटलं, सांगंल लेकीला, मीच दिलाय म्हणून. ती म्हणली, "दे बाई काढून. लेकरू रडून राहिलंय."

लेकरू. म्हणजे मी न्हाई.

आईचे हात शेणाचे. तिनं नुसती मान हलवली. बटणं पाठीवर होती, मला निघंनात. सालगडी बघत उभे, पाणी शेंदणाऱ्या बाया बघत उभ्या. सगळे माझ्या बटणांची वाट बघत. शेवटी निघाला. चिंचोके अंगणात सांडले. मी चड्डीवर.

आता पुढचं ऐक. त्या पोरीनं फ्रॉक घेतला न्हाई. हात बी लावला न्हाई. मालकिणीनं तो काठीनं उचलला अन् पाणी तापवायच्या चुलीत सारला. झालर आधी पेटली.

तिला फ्रॉक नकोच होता. माझ्या अंगावरून निघायला पायजे होता.

तवापासून तो "काढ" शब्द माझ्या कपड्यांत राहतो. लग्नाच्या साडीत ऐकू आला. तुझ्या आईच्या बारशाला नवं लुगडं नेसले, तवा बी. घडी मोडली की मागून कुणीतरी म्हणतं, काढ. वळून बघते. कुणी नसतं.

शिवण मला कुणी शिकवलं न्हाई. जुने कपडे उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे, कुठला कुठं जातो ते ध्यानात धरायचं. पुढं तुझ्या आजोबांनी जुनी मशीन आणून दिली. मुदखेडला आपल्या ओसरीत बसून मी ब्लाऊज शिवायला लागले. वरच्या आळीच्या बाया यायच्या. मापाला जुना ब्लाऊज लांबून टाकायच्या. माझी टेप त्यांच्या अंगाला लागायची न्हाई, असा रिवाज. शिवलेलं नेताना वर पाण्याचा शिंतोडा. मी बी टाकलेला ब्लाऊज मुकाट उचलायचे. त्या बायांची अंगं मला रिकाम्या ब्लाऊजांवरूनच ठाऊक.

मग एक दिवस दारात जीप थांबली. खिडकीतून मापाचा ब्लाऊज आला, ओसरीपुढं मातीत पडला. मागून आवाज, "लग्नाचं हाय. लवकर दे."

आवाज ओळखला, लग्न होईस्तोवर गावात ऐकलेला. तीच, मालकाची पोरगी. तिनं मला ओळखलं न्हाई. कशाला ओळखंल?

मी उठले न्हाई. म्हणलं, "बाई, खाली उतरा. टेप लावते."

"तू? मला लावणार?"

"मग काय हवेत माप घेऊ?"

जीपमधली दुसरी बाई खुदकन हसली. हिचं तोंड लाल झालं. "लई शहाणी झालीस गं! उचल ते अन् शिव गुमान."

"तुम्ही टाकलाय. तुम्हीच उचला."

मी पायडल मारतच राहिले. मशीन तेवढी दोऱ्याबिगर खडखडत राहिली. शेवटी डायवर उतरला, त्यानं ब्लाऊज उचलला. जीप गेली. वरच्या आळीचं शिवण बी गेलं. गेलं तर गेलं. त्या दिवसापासून अंगाचं माप घेतल्याबिगर मी कुणाचा टाका घातला न्हाई.

त्या "काढ"चं भूत मात्र गेलं न्हाई.

या उन्हाळ्यात पत्रा असा तापला की अंगावर साडी सोसंना. मागं तुझ्याच मोबाईलात पाहिलेला जंपसूट आठवला. सदरा अन् पायजमा कमरेला जोडलेला, एवढंच की ते. सुती कापड घेतलं. शेजारीण म्हणली, "आत्याबाई, आता कॉलेजात नाव घालता का?" म्हणलं, "चल, तुझं बी घालते."

पण बघ, हाताची खोड. मापाला मी माझाच जुना ब्लाऊज अन् परकर पुढं ओढला. कापलं, जोडलं, घातलं. उभी होते तवर झ्याक. खाली बसले अन् चर्रकन मधातून फाटला.

फाटका तसाच घालून बसून राहिले. जंपसूटला एक माप लागतं, खांद्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. ते कुठल्याच जुन्या कपड्यात नसतं. ते अंगावरच असतं. अन् माझ्या अंगाला जन्मात कुणी टेप लावली न्हवती. मी बी न्हाई. त्या बायांनी मला जसं माप दिलं, तसंच मी माझं घेतलं होतं.

उठले. टेप फिरवली. पाठीला गार लागली. तेवढ्यात मागून आलंच, काढ.

म्हणलं, थांब. आधी माप घेऊ दे.

दुसरा जंपसूट नीट बसला. दोन खिसे लावलेत. आत्ता तोच घालून लिहून राहिले.

अन् तो फोनवर बघून तू काल म्हणलीस, "आजी, मला बी असाच शिवून दे ना. मापाला हाच पाठवते." न्हाई माय. मैत्रिणीचा तो धू, इस्त्री कर, अन् जिथं हसल्या तिथंच, मेसमध्ये, सगळ्यांसमोर तिच्या हातात दे. म्हण, तुझा हाय, घे. मग खाली बस अन् पोटभर जेव.

तुझं कापड आणून ठेवलंय. कात्री लावली न्हाई. दुसऱ्याच्या कपड्यावरून तुझं अंग मी मोजणार न्हाई, मेले तरी. शिवणार बी तूच, मी नुसती टेप धरीन. या रविवारी निघ. मापाला काही आणू नको. तू ये. लवकर ये.