पाच इंच

टायरच्या दुकानात गल्ल्यावर बाई बसलेली दिसली की नवीन गिऱ्हाईक आधी तिच्या डोक्यावरून आत बघतं. कुणी पुरुष आहे का, ते शोधतं. वहिनींनी चौतीस वर्षांत हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्या मान वर न करताच म्हणायच्या, "ते मागे आहेत. पण साइज मीच सांगणार आहे, तेव्हा इकडेच बघा." मग दारातल्या गाडीवर एक नजर टाकून साइज सांगायच्या. चुकायच्या नाहीत.

मागे असायचे ते टेपमास्तर, म्हणजे त्यांचे यजमान. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. खिशात मोजायची टेप असल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नसे, आणि टेप असली तरी फारसा पडत नसे. दुकान पुढे, शेड मागे, राहायच्या दोन खोल्या शेडच्या वर. सकाळी जिना उतरायचा, संध्याकाळी चढायचा. वहिनींचं जग सतरा पायऱ्यांचं होतं. माल पोचवायला त्या जीप घेऊन गावभर फिरत, पण गावभरच. साबणानं कितीही घासलं तरी हाताच्या रेषांतून रबराची काळी भुकटी जात नसे. आता त्या घासतही नसत.

आणि शेडमध्ये ट्रेलर उभी होती. जीपच्या मागे जोडून आडवाटेनं रानात न्यायची, तिथे मुक्काम ठोकायचा. आत दोघांपुरती झोपायची फळी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. चाकांवरची खोलीच म्हणा. टेपमास्तरांनी ती नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधायला घेतली आणि चार वर्षांत पुरी केली. रंग झाला, दिवे झाले, खिडक्यांना वहिनींनी पडदे शिवले. राहिली फक्त चाकं. टायरवाल्याच्या गाडीला चाकं नाहीत, असं सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. गेली पाच वर्षं ती कुठल्याशा भंगारातल्या छोट्या, झिजलेल्या चाकांवर 'तात्पुरती' उभी होती.

या 'तात्पुरती'पाशी वहिनींचं सगळं अडलं होतं, कारण त्यांची धाकटी बहीण डांबरी रस्ता संपल्यावर पुढे साठ किलोमीटर आत राहायची. दगडगोटे, कोरडा ओढा, चाकोरीत गुडघाभर खड्डे. टेपमास्तरांना परक्या घरी झोप लागत नसे. पोटही साफ होत नसे, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. ट्रेलर झाली की तिच्यात झोपू आणि जाऊ, असं ठरलं होतं. दोनदा वहिनी एकट्या निघाल्या. पहिल्यांदा मास्तरांच्या कमरेत उसण भरली, दुसऱ्यांदा रक्तदाब चढला. तिसऱ्यांदा वहिनींनी पिशवीच भरली नाही. मास्तर सोंग करत असते तर बरं झालं असतं, चांगलं खडसावता आलं असतं. पण उसण खरी होती.

त्या वर्षी उन्हाळा उतरता उतरता धाकटीचा फोन आला.

"ताई, मधलं सगळं गेलं गं. समोर धरलं ते दिसत नाही, नुसत्या कडा दिसतात. डॉक्टर म्हणतात, थंडीपर्यंत कडाही जातील."

"म्हणजे मी आले तर..."

"तुझे कान दिसतील. लवकर आलीस तर. भाऊजींचं टायर ठरलं का?"

"विचार चालू आहे."

"अजून? अगं, तुझ्याशी लग्न करायचं ठरवायला त्यांना एक दुपार पुरली होती!"

वहिनी हसल्या, फोन ठेवला आणि गल्ल्यावर तशाच बसून राहिल्या. मागे कॉम्प्रेसर सुरू झाला, भरला, आपोआप बंद पडला. थंडीला चार महिने होते.

त्याच दुपारी दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर पंक्चर काढायला आला आणि टेपमास्तरांनी त्याला धरला. प्रत्येकाला धरायचे तसाच.

"तुला काय वाटतं? ट्रेलरला मोठी लावावीत का छोटी?"

"मोठी लावा की. जीपची आहे तीच साइज. एकच स्टेपनी दोघांना चालते."

"मोठी मडगार्डला घासतात. मग एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली घ्यावा लागतो. गाडी उंच होते. उंच झाली की उतारावर कलंडायची भीती."

"मग छोटी लावा."

"छोटी खड्ड्यात बसतात. एक्सल दगडावर आपटतो."

"मग मधली."

"मधलीला स्टेपनी वेगळी बाळगावी लागते."

"मग मास्तर," टँकरवाला हात पुसत म्हणाला, "खांद्यावर घ्या आणि चालत जा."

टेपमास्तर हसले नाहीत. वहिनीही हसल्या नाहीत. त्यांना भलतंच काही खुपलं होतं. सकाळीच एक जोडपं असलीच ट्रेलर घेऊन आलं होतं आणि याच माणसानं अर्ध्या मिनिटात त्यांना सांगितलं होतं, "जीपला आहे तेच मागे. रिम तीच, नट तेच. जीपच्या चाकोरीतच ट्रेलरचं चाक पडलं पाहिजे. दुसरा विचारच करू नका." दुसऱ्याला अर्धं मिनिट आणि स्वतःला पाच वर्षं? शिवाय ट्रेलर बांधायला घेतली तेव्हा मास्तर हेच म्हणाले होते. जीपचीच साइज, त्यात विचारायचंय काय! मग मध्येच कधीतरी हा विचारत सुटायचा रोग लागला.

वहिनींनी फोन उचलला आणि जीपच्या साइजची दोन टायरं मागवली. रिमसकट.

चौथ्या दिवशी माल आला. टेपमास्तर पावती बघत राहिले.

"ही कुणाची?"

"आपली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही टँकरवाल्याला विचारलं असतं."

मास्तर मागे गेले. वहिनी वाट बघत बसल्या, की आता हातोड्याचा आवाज येईल, जॅकचा येईल. काहीच येईना. शेवटी त्या उठून शेडमध्ये गेल्या. मास्तर ट्रेलरपाशी नव्हते. ते शेडच्या शटरखाली, उघड्या दारात, भिंतीकडे तोंड करून उभे होते. टेप हातात होती, पण बंद.

भिंतीवर दाराच्या कडेला निळ्या रंगात एक उभा बाण काढलेला होता. नऊ वर्षांपूर्वीचा, मास्तरांच्याच हातचा. वरचं टोक शटरच्या चौकटीला टेकलेलं, मध्ये आकडा लिहिलेला: ९०. वहिनी हा बाण रोज बघत होत्या. आज पहिल्यांदा त्यांना दिसलं की बाणाला खालचं टोकच नाही. ते फरशीत गेलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मोजलंत तेव्हा खाली माती होती ना?"

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि काँक्रीट कधी घातलं?"

"सांगाडा उभा राहिल्यावर. माती उंचसखल होती. माप नीट मिळेना म्हणून घातलं."

माप नीट मिळावं म्हणून! सहा इंच जाड, आत लोखंडी जाळी. मोठ्या चाकांवर ट्रेलर एकोणनव्वद इंच व्हायची होती. नव्वदाच्या दारातून एक इंच राखून निघणार, याचा मास्तरांना केवढा अभिमान होता! आता दार चौऱ्याऐंशीवर आलं होतं. अख्ख्या पंचक्रोशीचं माप घेणारा माणूस स्वतःच्या दाराखाली सहा इंच भर घालून बसला, आणि हे त्याच्या ध्यानात आलं ते छपराला शेवटचा रिबिट मारल्यावर.

"टायरची हवा काढून?" वहिनींनी विचारलं. इतकी वर्षं त्याच धंद्यात होत्या.

"सगळी काढली तरी तीन मिळतील. पाच हवेत."

"चौकट वर उचलून?"

"चौकटीवर आपली झोपायची खोली आहे."

"फरशी फोडून?"

"ती तोफेनं फुटायची नाही. मीच घातलीय."

एवढं सांगताना आवाजात थोडा जुना तोरा आलाच. मग तोही गेला.

"मग आत्ता छोट्या चाकांवर आहे तशी बाहेर काढा," वहिनी म्हणाल्या. "निघते ना?"

"निघते."

"बाहेर अंगणात एक्सल खाली घ्या, मोठी लावा. झालं. यात पाच वर्षं काय होतं?"

"ती परत आत येणार नाही मग." मास्तर ट्रेलरकडे बघत होते. "एकदा उंच केली की कायमची बाहेर. उन्हापावसात. आणि येणाराजाणारा विचारणार, मास्तर, शेड रिकामी आणि गाडी बाहेर का? काय सांगू? टेपमास्तर म्हणतात मला."

वहिनींना आधी हसू आलं, मग हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांच्या डोळ्यांपुढे पाच वर्षं उभी राहिली. धाकटीचे डोळे तेव्हा चांगले होते. दोन वर्षांपूर्वीसुद्धा ती सुईत दोरा ओवत होती.

"हसले असते लोक," त्या सावकाश म्हणाल्या. "एक दिवस. टँकरवाला महिनाभर. त्यासाठी मला डांबलंत?"

"डांबलं काय? तू कधी म्हणालीस..."

"म्हणाले नाही, खरं आहे. गाढवपणा माझाही. पण आता म्हणते. राहू दे ती उन्हापावसात. आत मी राहिले तेवढं पुरे झालं."

आणि त्यांनी जॅक उचलून मास्तरांच्या हातात दिला. तो हलका नसतो.

ट्रेलर बाहेर निघाली तेव्हा छपरावर चार बोटं जागा राहिली. मास्तर घामाघूम होऊन, "डावीकडे, डावीकडे घे," म्हणत राहिले. जीप वहिनीच चालवत होत्या. एक्सल खाली घ्यायला तीन दिवस गेले. टँकरवाला आला, उंच गाडीकडे बघितलं, रिकाम्या शेडकडे बघितलं, बुटक्या दाराकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं. "एक शब्द काढलास तर तुझ्या पुढच्या चाकात हवेऐवजी गोणपाट भरीन," वहिनी म्हणाल्या. त्यानं तोंड मिटलं. पण डोळे मिटता आले नाहीत त्याला.

निघायच्या सकाळी मास्तर सापडेनात. ते शेडमध्ये होते. फरशीवर, जिथं पाच वर्षं छोटी चाकं उभी होती, तिथं दोन काळे ठसे उमटले होते. त्या ठशांच्या मधोमध ते उभे होते. शटर ओढायचं होतं, पण हात वर जात नव्हता. वहिनींनी जीपमधून हॉर्न दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा देणार नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढे काय करायचं, तेही ठरवलं होतं. मास्तर बाहेर आले आणि त्यांच्यामागे शटर खडखडत खाली आलं. त्यांनी गेजनं दोन्ही चाकांची हवा तपासली, डाव्यातली थोडी कमी केली. "पुढे दगड आहेत," एवढंच म्हणाले आणि शेजारी येऊन बसले, कंबर धरून.

"दुखतेय?"

"हो."

"पाठीमागे फळी आहे झोपायला. तुम्हीच बसवलीय."

गावाच्या टोकाला पेट्रोल पंप लागला. वर लोखंडी छत. वहिनींनी जीप आत वळवली तसे मास्तर ताठ झाले. हात दाराच्या मुठीवर, टेप खिशातून बाहेर.

"थांब, थांब! छत किती उंच आहे, बघून येतो."

"अहो, इथं ट्रक उभे राहतात."

"तरी बघून येतो."

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मास्तर बसले. टेप मांडीवर ठेवून, मान वाकडी करून काचेतून वर बघत राहिले. वहिनींनी आरशात पाहिलं. मागे उंच चाकांवरची गाडी सरळ उभी होती, आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या कानांत, लग्नातल्या डबीतून काढलेली, ताटलीएवढी कर्णफुलं. जड होती, कानाच्या पाळ्या ओढत होती. धाकटीच्या अंगणात पोचेपर्यंत ती काढायची नव्हती.